एकाच गावाहून तीन रांगा

२०२२ चा एप्रिल संपत आला होता तेव्हाची गोष्ट. ऑफिसातली एक मैत्रीण आणि मी प्रागच्या मुख्य स्टेशनावर डायपर, केळी आणि ओल्या टिश्यूंची पाकिटं घेऊन गेलो होतो. युक्रेनचं युद्ध सुरू होऊन दोन महिने झालेले, तिथल्या निर्वासितांची सुरुवातीची गर्दी ओसरलेली, पण मैत्रीण म्हणाली की आता जे येतायत त्यांच्याकडे कोणी फारसं बघत नाहीये, तर चल. ती राहिलेल्या पिशव्या आणायला गाडीकडे परत गेली आणि मी केळ्यांची पिशवी घेऊन वाटपाच्या टेबलापाशी उभी राहिले. टेबलामागच्या पिवळ्या जाकिटातल्या बाईनं माझ्याकडे धड बघितलंही नाही, नुसता हात हलवला. "नाही नाही, तुम्हाला दिलंय मघाशी. आता संध्याकाळी." चेकमध्ये, मधेमधे युक्रेनियन शब्द टाकत, मोठ्यानं आणि तोडून तोडून. मी म्हटलं, मी द्यायला आलेय. तिनं ते ऐकलं नाही कारण तोवर ती दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला लागली होती. मग मैत्रीण आली, काय झालं ते तिला लगेच कळलं, आणि ती म्हणाली, अहो ही माझ्याबरोबर आहे, इंडियाची आहे, आमच्याकडे प्रोग्रॅमर आहे. बाई कानापर्यंत लाल झाली. केवढी माफी मागितली तिनं. मला खुर्ची दिली, कागदी कपात कॉफी दिली, साखर किती विचारलं, आणि तिची बहीण गोव्याला जाऊन आलीये हे पण सांगितलं.

माझ्या मागे एक बाई उभी होती, कडेवर पोर. माझ्याच वयाची असेल, माझ्याच रंगाची, केसांचा घट्ट अंबाडा, पायात कोणीतरी दिलेले पुरुषी स्पोर्ट्स शूज. ती हे सगळं बघत होती. मला कॉफी मिळाली, तिला "संध्याकाळी" मिळालं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला राग नाही आला, सुटल्यासारखं वाटलं. बरं झालं, कळलं त्यांना की मी ती नाही. तो सुटकेचा गार वारा अंगावरून गेला ना, तोच नंतर कित्येक दिवस टोचत राहिला. पिवळ्या जाकिटातल्या बाईचं मला काहीच वाटलं नाही, ती बिचारी रात्रभर उभी असणार.

कॉफी मी पूर्ण प्यायले. चांगली होती.

हे स्टेशन ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये, वर जुना घुमट, रंगीत काचा, दगडी बायका, आणि खाली सत्तरच्या दशकातला तो बुटका, लालसर हॉल, जिथं कायम बेकरीचा आणि ओल्या कपड्यांचा वास मिसळलेला असतो. त्या दिवसांत खालच्या हॉलमध्ये भिंतीकडेला घोंगड्या टाकून कुटुंबंच्या कुटुंबं बसलेली. आज्या, तान्ही पोरं, प्लास्टिकच्या चौकड्याच्या पिशव्या, आपल्याकडे भाजीला नेतात तसल्या. जवळजवळ सगळे रोमा, म्हणजे ज्यांना लोक जिप्सी म्हणतात ते, आणि जवळजवळ सगळे एकाच भागातले, युक्रेनच्या पार पश्चिम टोकाच्या झाकार्पात्याचे, उझहोरोद आणि आसपासच्या गावांमधले. गंमत म्हणजे हा भाग दोन महायुद्धांच्या मधे चेकोस्लोव्हाकियातच होता. म्हणजे यांचे आजे-पणजे प्रागच्याच सरकारचे नागरिक होते.

आता उझहोरोद हे नाव मला का माहीत, तर माझ्या मावसबहिणीचा मुलगा तिथं मेडिकलला होता. आपली कितीतरी मराठी पोरं तिथं होती. फेब्रुवारीच्या शेवटी त्याचे मला रात्री-बेरात्री मेसेज यायचे, मावशी बॉर्डरवर किती वेळ लागतोय काही कळतंय का, हंगेरीचं तिकडून ट्रेन आहे का. तो बाहेर पडला, बुडापेस्टला पोचला, तिथं आपल्या दूतावासाची माणसं बोर्ड घेऊन उभी होती, ऑपरेशन गंगाच्या विमानात बसून घरी गेला. परतणाऱ्या पोरांना विमानतळावर मंत्री गुलाबाची फुलं देत होते, ते व्हिडिओ तुम्ही पण पाहिले असतील. मावसबहीण फोनवर हमसून रडली आणि मी पण रडले. आणि उझहोरोदच्याच गोऱ्या बायका, त्यांना तर प्रागकरांनी अक्षरशः घरात घेतलं. माझ्या त्या मैत्रिणीनंच मुलीची खोली एका आई-लेकीला देऊन टाकली होती. युरोपियन युनियननं ४ मार्चलाच तात्पुरत्या संरक्षणाचा नियम लागू केला होता, आश्रयाचा अर्ज नको, सुनावणी नको, पासपोर्टवर शिक्का की झालं, काम करा, शाळेत जा, दवाखान्यात जा. एक कोटी लोकांच्या या छोट्या देशानं काही महिन्यांत तीन लाखांहून जास्त लोकांना तो शिक्का दिला. हे मोठंच काम होतं आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे पुढचं लिहिताना मला अवघड होतंय.

तिसरी रांग मात्र स्टेशनाच्या फरशीवर.

कारण काय, तर संशय. सरकारी माणसं म्हणायला लागली की यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे हंगेरीचं पण नागरिकत्व आहे, म्हणजे हे मुळात युरोपियन युनियनचेच नागरिक, मग निर्वासित कसले, फुकटच्या मदतीसाठी आलेत. झाकार्पात्यात बरेच रोमा हंगेरियन बोलतात आणि हंगेरीनं सीमेपलीकडच्या हंगेरियन भाषकांना पासपोर्ट वाटलेत हे खरंय, पण पासपोर्ट घेतलेल्या गोऱ्या लोकांना कोणी फरशीवर बसवून तपासलं नाही. मग यांची नावं हंगेरीला पाठवायची, उत्तर येईपर्यंत थांबायचं, तोवर ना शिक्का ना खोली. तपासणीतून निघालं काय, तर बहुतेकांकडे तसलं काही नागरिकत्व नव्हतंच. शिवाय कुटुंबं मोठी, एकत्र राहू द्या म्हणणारी, आणि सरकारकडे जागा होत्या दोन-चार माणसांच्या, आणि जिथं मोठ्या जागा होत्या तिथले महापौर फोनवर आधी विचारायचे की येणारे "तसले" तर नाहीत ना. मे महिन्यात शहराबाहेर त्रोया भागात तंबू उभारले. बरेच जण कंटाळून जर्मनीच्या गाडीत बसले, काही जण चक्क परत युद्धात गेले. मग टीव्हीवर एका गृहस्थांचं म्हणणं ऐकलं, बघा, परत जातायत म्हणजे धोका नव्हताच.

माझ्या मैत्रिणीशी यावर माझं एकदा बोलणं झालं, भांडण म्हणता येणार नाही. ती म्हणाली तू इथं वाढलेली नाहीस, तुला माहीत नाही, त्यांची गोष्ट वेगळी आहे. ज्या बाईनं अनोळखी माणसांना स्वतःच्या पोरीची खोली दिली ती बाई हे म्हणत होती, आणि मनापासून म्हणत होती. मी काही बोलले नाही. मला हे वाक्य पाठ होतं ना, म्हणून. मी सोलापूरची आहे.

सोलापूरकरांना सेटलमेंट म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्याकडे रिक्षावाल्याला नुसतं सेटलमेंट म्हटलं की तो नेतो. १८७१ चा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा, त्याखाली पारधी, कैकाडी, भामटा अशा जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवल्या, रोज हजेरी, बाहेर जायला पास. १९५२ साली कायदा गेला, कुंपण गेलं, पण आमच्या आजीच्या तोंडून ते काही गेलं नाही. गड्ड्याच्या जत्रेत मुलगा हरवला की आधी पारध्यांच्या पालाकडे बघायचं. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी कुठं जायची ते आम्हा पोरांना पण माहीत असायचं, आणि आम्हाला त्यात वावगं वाटायचं नाही, ऊन पडतं, धूळ उडते, पोलीस पारध्यांना उचलतात. आजी वाईट बाई नव्हती. दारात आलेल्या पारधिणीला ती ताजी भाकरी द्यायची, शेंगाची चटणी वरून. फक्त ताट द्यायची नाही, हातावर द्यायची.

इथं आल्यावर कधीतरी कळलं की चेकोस्लोव्हाकियानंही १९२७ मध्ये भटक्या जिप्सींसाठी खास कायदा केला होता, वेगळं ओळखपत्र, बोटांचे ठसे, कुठं मुक्काम करायचा त्याची परवानगी. हा देश तेव्हा मध्य युरोपातली सगळ्यात शहाणी लोकशाही समजला जायचा. मग १९५८ मध्ये कम्युनिस्टांचा कायदा आला तो उलट्या दिशेचा, भटकायचंच नाही, घोडे जप्त, गाड्यांची चाकं काढून घेतली. १९९३ मध्ये देश फुटून चेक आणि स्लोव्हाक वेगळे झाले तेव्हा नागरिकत्वाच्या नियमांत स्वच्छ गुन्हे-नोंदीची अट घातली आणि हजारो रोमा आपल्याच राहत्या घरात परदेशी झाले. राजवट कुठलीही असो, टेबलामागच्या माणसाचा पहिला प्रश्न तोच.

आणि आपण. आपण तर इथं येऊन महिना व्हायच्या आत शिकतो. प्रागमधल्या भारतीयांच्या कुठल्याही ग्रुपवर नवीन माणूस आला की त्याला तीन सल्ले मिळतात: चांगला तांदूळ कुठं मिळतो, परदेशी लोकांची नोंद करणाऱ्या पोलिसांच्या ऑफिसात पहाटेच रांग लावायची, आणि ट्राममध्ये पाकीट सांभाळ, जिप्सी असतात. तिसरा सल्ला देणाऱ्यानं आयुष्यात एका तरी रोमा माणसाशी बोलणं केलेलं असतं का विचारा. हेच लोक दरवर्षी ८ एप्रिलला, म्हणजे रोमा दिनाला, तो फॉरवर्ड पण टाकतात की रोमा मूळचे आपलेच, हजारएक वर्षांपूर्वी तिकडून निघालेले, त्यांच्या झेंड्यावरचं चक्र बघा. २०१६ मध्ये दिल्लीत रोमांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली तेव्हा सुषमा स्वराजांनी त्यांना भारताची लेकरं म्हटलं होतं. लेकरं आपली, पण १९५१ च्या निर्वासित करारावर आपण सही केलेली नाही हे कोणी फॉरवर्ड करत नाही. मला या अभिमानाचा मनापासून वैताग येतो. हजार वर्षांपूर्वीचे आपलेच, आणि सोलापूरच्या सेटलमेंटातले? ते कोणाचे?

घर भाड्यानं घेतानाची गंमत तर प्रत्येकानं अनुभवलीये. एजंटनं मला फोनवर सरळ विचारलं होतं, मालकांना कळायला हवंय, तुम्ही रोमा नाही ना? मी म्हटलं, इंडियन. मग काही प्रश्न नाही म्हणाला, इंडियन लोक शांत असतात, फक्त फोडणीचा वास येतो. नवरा हसला, मी पण हसले. घर छान होतं, बाल्कनीत ऊन यायचं.

मागच्या वर्षी सोलापूरहून सासू-सासरे आलेले, त्यांना चेस्की क्रुमलोव्ह दाखवायला गाडीनं निघालो, सगळे पाहुण्यांना दाखवतात तेच. वाटेत पीसेकच्या अलीकडे लेती नावाचं गाव लागतं. मी आधीच ठरवलं होतं इथं थांबायचं, घरात कोणाला सांगितलं नव्हतं. १९४२-४३ मध्ये इथं रोमांची छावणी होती. जर्मनांच्या ताब्यातला देश खरा, पण पहारेकरी चेक जंडार्म, म्हणजे इथलेच पोलीस. तेराशेच्या वर माणसं या कुंपणात होती, तीनशेहून जास्त इथंच मेली, त्यात पोरं पुष्कळ, पाचशेहून जास्त आउश्विट्झच्या मृत्युछावणीला रवाना. युद्ध संपलं तेव्हा चेक भागातले मूळचे रोमा जवळपास संपलेले होते, आज इथं दिसतात ते बहुतेक नंतर स्लोव्हाकियातून कारखान्यांसाठी आणलेल्यांची मुलं-नातवंडं. आणि मग सत्तरच्या दशकात त्या छावणीच्या जागेवर सरकारनं काय बांधलं तर डुकरांचा फार्म. हजारो डुकरं. लोकशाही आली तरी फार्म तिथंच. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी जवळच एक स्मारक उभं केलं, श्रद्धांजलीला आलेली माणसं त्या वासात उभी राहायची. इतकी वर्षं सरकारं म्हणत राहिली की फार्म विकत घ्यायचा तर पैसे फार पडतात. शेवटी २०१७ मध्ये करार झाला, सुमारे ४५ कोटी कोरुना, मग पाडापाडी, आणि २०२४ मध्ये तिथं नवीन स्मारक उघडलं.

सासरे रिटायर्ड शिक्षक, त्यांनी सगळं वाचलं, मला मधेमधे अर्थ विचारत होते. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. नावं लिहिलेली आहेत तिथं, जन्मसाल आणि मृत्यूसाल, पुष्कळांचं तेच साल दोन्हीकडे. सासरे गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "अगं, पण फार्मवाल्याला नुकसानभरपाई मिळाली म्हणजे." मी म्हटलं, हो बाबा, मिळाली. ज्यांच्या बायकांची न विचारता नसबंदी केली, ते प्रकार कम्युनिस्ट राजवटीत सुरू झाले आणि नंतरही होत राहिले, त्या बायकांसाठी भरपाईचा कायदा यायला २०२१ उजाडलं, प्रत्येकी तीन लाख कोरुना. डुकरांचा आकडा आणि बायकांचा आकडा शेजारी ठेवून बघू नये म्हणतात, पण मी ठेवला.

निर्वासित म्हणजे नेमका कोण, यावर हे शहर माझ्या डोक्यात एक वेगळाच घोळ घालतं. मुख्य स्टेशनाच्या पहिल्या फलाटावर निकोलस विन्टनचा पुतळा आहे, कडेवर एक पोर, शेजारी सुटकेस आणि मुलगी. १९३९ मध्ये या माणसानं आणि त्याच्या साथीदारांनी इथून आठ गाड्यांमधून ६६९ मुलं, बहुतेक ज्यू, लंडनला पोचवली. ब्रिटिश सरकारनं मुलं घेतली खरी, पण दर मुलामागे पन्नास पौंडांची हमी मागितली, आणि आईबापांना घेतलं नाही. नववी गाडी १ सप्टेंबरला निघायची होती, त्या दिवशी युद्ध सुरू झालं. खालच्या हॉलमध्ये रोमा फरशीवर झोपले होते तेव्हा वर लोक याच पुतळ्यापाशी सेल्फी काढत होते, पुतळ्याच्या हातात फुलं पण असायची.

साठएक वर्षांनी याच शहरातून लंडनला जाणाऱ्या दुसऱ्या लोकांची गोष्ट तेवढी कोणी सांगत नाही. १९९७ मध्ये टीव्हीवर एक कार्यक्रम लागला, कॅनडात गेलेल्या रोमांचं कसं छान चाललंय त्यावर, आणि स्किनहेड म्हणवणाऱ्या वंशद्वेषी टोळ्यांच्या मारामाऱ्यांना वैतागलेल्या शेकडो कुटुंबांनी घरं विकून तिकिटं काढली. ओस्त्रावा शहरातल्या एका भागाच्या महापौरबाईंनी तर जाहीर केलं की फ्लॅट सोडून जाणार असाल तर विमानाच्या तिकिटाला आम्ही पैसे घालतो. कॅनडानं त्याच वर्षी चेक लोकांना व्हिसा लावला. ब्रिटननं व्हिसा लावला नाही, त्यांनी आणखी भारी युक्ती काढली. जुलै २००१ पासून आपले इमिग्रेशन ऑफिसर प्रागच्याच विमानतळावर आणून बसवले. लंडनला उतरून आश्रय मागितला तर सुनावणी द्यावी लागते, वकील लागतो, वर्ष जातं. प्रागलाच अडवलं तर काहीच लागत नाही. आणि अडवायचं कोणाला ते बघूनच कळतं. चेक टीव्हीच्या दोन पत्रकारांनी प्रयोग केला, एक रोमा, एक गोरी, दोघांचं कारण एकच, जवळचे पैसे सारखे. गोरीची मुलाखत पाचेक मिनिटांत आटपली, रोमा पत्रकाराला बसवून कितीतरी वेळ खोदून खोदून विचारत राहिले. २००२ च्या पहिल्या चार महिन्यांची मोजणी युरोपियन रोमा राइट्स सेंटरनं केली: रोमा ७८, परत पाठवले ६८. बाकीचे ६१७०, परत पाठवले १४.

खटला लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत. खालच्या दोन कोर्टांत रोमा हरले होते. ९ डिसेंबर २००४ ला निकाल लागला, न्यायाधीश बॅरोनेस हेल यांनी लिहिलं की रोमा माणूस अडवला जाण्याची शक्यता इतरांपेक्षा ४०० पट होती, आणि हा सरळ वंशभेद आहे. पाचही न्यायाधीशांचं त्यावर एकमत. पण दुसरा मुद्दा ते हरलेच, आश्रयाचा. कारण निर्वासित म्हणजे स्वतःच्या देशाबाहेर पडलेला माणूस, करारात तसं लिहिलंय, आणि हे तर देशातच होते. बाहेर पडू दिलं नाही म्हणून बाहेर पडलेले नाहीत, आणि बाहेर पडलेले नाहीत म्हणून बाहेर पडू न दिल्याची तक्रार करता येत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. शिवाय निकाल आला तोवर मे २००४ मध्ये देश युरोपियन युनियनमध्ये गेलेला, म्हणजे ज्या दाराबद्दल भांडण होतं ते दार उघडून गेलेलं. ज्यांना परत पाठवलं त्यांची तिकिटं मात्र गेलीच.

आपल्याला व्हिसाच्या मुलाखतीची एवढी सवय आहे की आपल्याला हे फार विचित्र वाटत नाही, हेच मला विचित्र वाटतं. मुंबईच्या कॉन्सुलेटबाहेर फाइल छातीशी धरून उभं राहायचं, बँकेचे कागद, सातबारा, लग्नाचे फोटो, आणि काचेपलीकडचा माणूस ठरवणार की आपण खरं बोलतोय का. फरक एवढाच की आमच्या फाइलीत कंपनीचं पत्र होतं. २०१५ मध्ये सीरियातले लोक याच देशातून जर्मनीकडे जात होते तेव्हा ब्रेत्स्लाव्ह स्टेशनावर पोलिसांनी त्यांना गाडीतून उतरवून हातावर पेननं नंबर लिहिले. युरोपात, हातावर नंबर. पोलीस म्हणाले कुटुंबं चुकू नयेत म्हणून लिहिले, आणि मला वाटतं ते खरंच बोलत होते, त्यांना आउश्विट्झ आठवलंच नसेल. मग बेला-येझोवाच्या बंद छावणीत ठेवायचं, आणि तिथं राहण्याचे रोजचे पैसे त्यांच्याच खिशातून काढून घ्यायचे. त्या साली युरोपनं वाटून दिलेल्या लोकांपैकी या देशानं घेतले बारा. युरोपियन युनियनच्या कोर्टानं २०२० मध्ये नियम मोडला म्हणून सांगितलं, तोवर विषय जुना झाला होता. आणि याच देशानं २०२२ मध्ये लाखो माणसं घेतली. म्हणजे जागा नव्हती, पैसे नव्हते, यंत्रणा नव्हती हे सगळं खोटं, असं माझं आता स्पष्ट मत आहे. यंत्रणा असते. चेहरा बघून चालू होते.

आमच्या पोराला इथल्या शाळेत घातलं तेव्हा त्याचं चेक यथातथाच होतं. वर्ग चालू असताना मधेच मार्चमध्ये घेतलं शाळेनं, हेडबाई म्हणाल्या इंडियन मुलांचं गणित चांगलं असतं, भाषा येईल हळूहळू. (गणितात तो माझ्यावर गेलाय, तेव्हा जाऊ दे.) मग शाळेनंच आम्हाला सल्ला केंद्रात पाठवलं, तिथं मानसशास्त्रज्ञ मुलांच्या चाचण्या घेऊन कोणाला काय मदत लागते ते ठरवतात. याच चाचण्यांवरून या देशात रोमा मुलं पिढ्यान्‌पिढ्या मंदबुद्धीच्या शाळांमध्ये गेली. ओस्त्रावात रोमा मूल तिथं जाण्याची शक्यता इतर मुलांच्या २७ पट होती, तिथली अठरा मुलं त्याविरुद्ध स्ट्रासबुर्गच्या युरोपियन मानवी हक्क कोर्टात गेली आणि १३ नोव्हेंबर २००७ ला जिंकली, प्रत्येकी चार हजार युरो. तोवर ती मोठी झाली होती. शाळांच्या पाट्या तर त्याआधीच बदलून ठेवलेल्या.

आमच्या पोराची चाचणी चित्रांवरून घेतली, बोलावं लागू नये म्हणून, आणि दुभाषा पण दिला, हिंदीचा, पण दिला. कॉरिडॉरमध्ये एक रोमा बाई पोरीला घेऊन बसली होती, पोरगी खुर्चीवर पाय हलवत कुरकुरे खात होती. बाईनं मला विचारलं, हा दुभाषा कसा मागायचा? आमच्या घरी रोमानी बोलतात, हिला चेक प्रश्न अर्धे कळत नाहीत, आणि मागच्या वेळी लिहून दिलं की समज कमी आहे. मी म्हटलं मी मागितला नव्हता, शाळेनंच लिहून दिलं होतं. कुठली शाळा, तिनं विचारलं. मी नाव सांगितलं. तिनं तिच्या गल्लीचं नाव सांगितलं, आमच्या घरापासून दोन ट्राम स्टॉप. मी उत्साहानं म्हटलं, अहो मग तुम्ही आमच्याच शाळेच्या हद्दीत येता, इथं हद्दीतल्या मुलाला आधी घ्यावंच लागतं, कायदाच आहे.

"माहितीये," ती म्हणाली. "मार्चमध्ये गेले होते विचारायला. जागा नाही म्हणाले."